गिअर पडत नाही, म्हणजे प्लेटच गेली असं नाही

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या क्लचबद्दल. काही जणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय? आमच्या मासिक बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीही तेच म्हणालो होतो. पण गाडीचा हप्ता आपण भरतो, आपल्या शेतातली कोथिंबीर आणि टोमॅटो त्याच गाडीतून बाजाराला जातो आणि ती चालवायला आपलीच एक बाई बसते. मग त्या गाडीचा विषय आपलाच झाला. दुखणं आपल्याला कळलं नाही, तर दुसरा सांगेल ते औषध आणि मागेल ते पैसे, दोन्ही मुकाट्याने घ्यावे लागतात. आमचं तसंच होणार होतं, थोडक्यात वाचलो. ती गोष्ट आधी सांगतो.

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाजूच्या. आमच्या काही गटांनी मिळून कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. तिच्यातून आमचा भाजीपाला माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणकडे जातो. गटातल्याच एका वहिनींनी ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं आणि त्याच गाडी चालवतात. सुरुवातीला गावात खूप बोलणी झाली. "बाईच्या हातात टेम्पो दिला, आता बघा काय होतं ते." वहिनींनी ऐकून घेतलं आणि गाडी चालवत राहिल्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. श्रावणात भाजीला मागणी असते, म्हणून गाडी कॅरेटांनी भरून वहिनी आणि सोबत गटातल्या एक मावशी पहाटे निघाल्या. पाऊस होता, धुकं होतं. घाट सुरू व्हायच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबल्या. निघताना पहिला गिअर पडेना. करकर आवाज यायला लागला. रिव्हर्स तर पडायलाच तयार नाही. क्लचचं पेडल पायाखाली भुसभुशीत लागत होतं, जणू ओल्या गादीवर पाय ठेवलाय. वहिनींनी पेडल तीन-चार वेळा भरभर दाबलं, तेव्हा गिअर पडला.

गिअर पडला तर पडला, चला, असं कुणीही म्हटलं असतं. वहिनी म्हणाल्या, "नाही. मी घाट उतरणार नाही."

त्या का थांबल्या, हे नीट ऐका. भरलेली गाडी घाट उतरते ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनच तिला मागे ओढून धरतं. उतारावर मोठा गिअर काढून लहान टाकायचा झाला आणि क्लच सुटला नाही, तर आधीचा गिअर निघून येतो आणि पुढचा पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर. ब्रेक तापले की तेही धरेनासे होतात. खाली दरी आणि वर पाऊस. वहिनींनी गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले आणि आम्हाला फोन केला. आम्ही दुसरा टेम्पो पाठवून माल त्यात भरला. बाजार उशिरा गाठला, भाव पडला, काही कोथिंबीर पिवळी पडली. नुकसान झालं. पण दोघी घरी आल्या.

त्याच दिवशी गाडी हळूहळू सपाटीच्या रस्त्याने गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "क्लच प्लेट जळाली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदलावा लागेल. गिअरबॉक्स उतरवायचा. १३,५०० रुपये." आणि वर एक वाक्य, "लेडीज चालवतात ना? हाफ क्लचवर चालवून जाळली."

ते वाक्य आमच्या आधी गावात पोचलं. संध्याकाळच्या बैठकीला दोघी-तिघींचे मालकही आले होते. गाडी विका, नाहीतर ड्रायव्हर पुरुष ठेवा, असं सरळ बोलणं झालं. वहिनी कोपऱ्यात बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हालाही काय उत्तर द्यावं कळेना. कारण प्लेट म्हणजे काय, ती कशी जळते, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं.

तेव्हा गटातल्या एका काकूंनी त्यांच्या चुलत दिरांना बोलावलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं, आता निवृत्त आहेत. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी वहिनींना चार प्रश्न विचारले.

"चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही, असं होतं का?" वहिनी म्हणाल्या, "नाही. गाडी ओढते चांगली."

"जळका वास येतो का?" "नाही."

"पेडल पंपासारखं मारलं की गिअर पडतो?" "हो."

"क्लचच्या डबीत तेल किती वेळा टाकलं?" यावर सगळ्याच गप्प. मग एकजण म्हणाली, "होळीपासून तीनदा टाकलं."

काका म्हणाले, "मग ते तेल गेलं कुठं, हे कुणी विचारलं नाही?"

मैत्रिणींनो, खरी चूक इथे होती आणि ती वहिनींची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती. डबी कमी झाली की भरायची, एवढंच आम्ही करत होतो. घरातला पाण्याचा माठ रोज कमी भरलेला दिसला तर आपण आधी तडा बघतो. गाडीचं तेल मात्र आम्ही नुसतं ओतत राहिलो.

आता हा क्लच चालतो कसा ते समजून घेऊ. पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. मोटार फिरते, पट्ट्याने जातं फिरतं. गाडीत इंजिन सतत फिरत असतं आणि चाकांपर्यंत ते फिरणं पोचवायचं की नाही, हे क्लच ठरवतो. इंजिनच्या मागे एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिच्यामागे तिला घट्ट दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडलवर पाय नसतो तेव्हा हे तिन्ही एकमेकांना घट्ट धरून एकत्र फिरतात. आपण पेडल दाबलं की प्रेशर प्लेटची पकड सुटते, क्लच प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे पेडल दाबलं की क्लच सुटतो, सोडलं की धरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता पायाचा जोर तिथपर्यंत जातो कसा? रिक्षाला आणि बहुतेक मोटारसायकलींना तार असते, आपण केबल म्हणतो ती. बऱ्याच पिकअप, जीप आणि मोठ्या गाड्यांत तारेऐवजी तेल असतं. याला हायड्रॉलिक क्लच म्हणतात. पेडलजवळ एक सिलिंडर असतो, तो मास्टर सिलिंडर. खाली गिअरबॉक्सजवळ दुसरा, तो स्लेव्ह सिलिंडर. दोघांना जोडणारा पाइप. पेडल दाबलं की मास्टर तेल ढकलतो, ते तेल स्लेव्हमधला दट्ट्या ढकलतं, त्याच्यापुढची दांडी एका फोर्कला रेटते, फोर्क बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटला.

काकांनी हे आम्हाला बैठकीत करून दाखवलं. औषधाच्या दुकानातून दोन नव्या, बिनसुईच्या सिरिंज आणल्या, एक बारीक, एक जाड. मध्ये नळी लावली आणि सगळ्यात पाणी भरलं. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंजचा दट्ट्या वर येतो, थोडाच, पण जोराने. एका हाताने दाबला तरी थांबत नाही. बंद पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. आपला क्लच आणि ब्रेक दोन्ही त्याच नियमावर चालतात. मग काकांनी नळीत हवेचा मोठा बुडबुडा शिरू दिला. आता बारीक सिरिंज दाबली तर बुडबुडाच आकसतो, जाड सिरिंज जागची हलत नाही. कारण पाणी किंवा तेल दाबून लहान होत नाही, हवा होते. वहिनी लगेच म्हणाल्या, "अगदी असंच लागत होतं पायाला."

हा खेळ तुमच्या गटात नक्की करून बघा. पन्नास रुपयांच्या आत होतो.

आता लक्षणं. कागद-पेन असेल तर लिहून घ्या. क्लचची दुखणी मुख्य दोन प्रकारची. पहिलं दुखणं, क्लच सुटत नाही. दुसरं, क्लच धरत नाही. औषध वेगवेगळं, म्हणून आधी हे ओळखायचं.

क्लच सुटत नाही, तेव्हा काय होतं? गिअर जड पडतो, करकरतो, रिव्हर्स तर सगळ्यात जास्त करकरतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केलं की पडत नाहीत. पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला बघते.

क्लच धरत नाही, म्हणजे घसरतो, तेव्हा काय होतं? गिअर सहज पडतात. पण चढावर किंवा भार असताना अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, गाडीचा वेग वाढत नाही. गिरणीचा पट्टा सैल झाला की मोटार घोंघावते आणि जातं मंद फिरतं, तसं. पुढे जळका वास येतो.

प्लेट झिजली किंवा जळली की सहसा हे दुसरं दुखणं होतं. तेल कमी झालं, हवा शिरली, सिलिंडर गळला की पहिलं होतं. आमच्या गाडीला पहिलं दुखणं होतं आणि आम्हाला औषध सांगितलं होतं दुसऱ्याचं. काकांनी चार प्रश्नांत एवढंच ओळखलं.

अर्थात दुखणं नेहमी इतकं सरळ नसतं. गिअरबॉक्सच्या आत प्रेशर प्लेटची बोटं तुटली, फोर्क वाकला, प्लेट वाकडी झाली तरी क्लच सुटत नाही. उलट, तेलाच्या दोषानेही क्लच घसरू शकतो. मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक बुजलं, किंवा रबरी पाइप आतून फुगला, तर पेडल सोडलं तरी तेल मागे येत नाही. क्लच अर्धा दाबलेलाच राहतो आणि प्लेट घासत राहते. अशा वेळी नुसती नवी प्लेट टाकली तर तीही जळते. म्हणून लक्षणावर न थांबता पुढची तपासणी करायची.

पेडल काय सांगतं ते बघू. पेडल भुसभुशीत लागतं आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होतं, तर बहुधा तेलात हवा आहे. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं, तर तेल कुठेतरी निसटतंय. बाहेर थेंब दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं असू शकतं, तेल आतल्या आत मागे सरकतं. पेडल तळाला जाऊन तिथेच राहिलं, तर तेल संपलं किंवा सिलिंडर गेला. पेडल एकदम जड झालं, तर प्रेशर प्लेट, फोर्क किंवा तुंबलेला पाइप बघायचा. पेडल दाबल्यावरच घरघर आवाज येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर.

आता डोळ्यांनी करायची तपासणी. यात तीन जागा आहेत.

पहिली जागा, डबी. बॉनेट उघडलं की क्लचच्या तेलाची छोटी डबी दिसते. तिच्यावर कमी-जास्तीच्या खुणा असतात. काही गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते. तसं असेल तर तेल कमी होणं हा ब्रेकचाही प्रश्न आहे, एक दिवसही थांबू नका. इथे काकांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ब्रेकचे लायनर झिजतात तसं ब्रेकच्या डबीतलं तेल थोडं खाली जातं, ते स्वाभाविक आहे. पण क्लच प्लेट झिजली म्हणून क्लचच्या डबीतलं तेल खाली जात नाही. त्यामुळे क्लचची डबी वेगळी असेल आणि तेल कमी होत असेल, तर कुठेतरी गळती आहे, असंच धरायचं.

दुसरी जागा, ड्रायव्हरच्या पायाशी. पेडलची दांडी जिथे आत जाते तिथे बोट फिरवा, मॅट उचलून बघा. ओल, चिकटपणा किंवा उडालेला रंग दिसला तर मास्टर सिलिंडर गळतोय. हे तेल रंग खातं, म्हणून रंग उडणं हीसुद्धा खूण आहे.

तिसरी जागा, खाली गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर. त्याच्या तोंडावर धुळीपासून वाचवणारी रबरी टोपी असते. ती थोडी बाजूला करून बघायची. आत कोरडं पाहिजे. काकांनी आमच्या गाडीची टोपी सरकवली आणि काळं पाणी टपटप पडलं. होळीपासून ओतलेलं तेल असं जात होतं.

गाडीखाली जाताना काळजी घ्या. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्री म्हणाले तरी नाही.

शेवटची तपासणी सगळ्यात कामाची. यासाठी दोघी लागतात. इंजिन बंद ठेवून एकीने पेडल सावकाश पूर्ण दाबायचं, दुसरीने स्लेव्हची दांडी बघायची. दांडी एका दमात पुढे सरकून फोर्कला नीट रेटते का? किती सरकली पाहिजे हे गाडीगणिक वेगळं, ते कंपनीच्या पुस्तकात किंवा माहीतगार मिस्त्रीकडून समजेल. पण निरोगी गाडीत हालचाल स्पष्ट दिसते. दांडी जेमतेम हलली, तर दोष तेलाच्या बाजूचा आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी सिलिंडर, पाइप आणि हवा बघायची. दांडी पूर्ण सरकते, तरीही गिअर पडत नाही, तर मात्र दोष आत आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आमच्या गाडीची दांडी नखाएवढी हलली. काकांनी ती पाहायला बैठकीत बोललेल्या मालकांना वाकायला लावलं. कुणी काही बोललं नाही. वहिनी मात्र तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो, बाहेर दांडी दिसत नाही. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचे थेंब दिसतात. अशा गाडीत नुसत्या सिलिंडरसाठीही गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मग प्लेट बरीच झिजली असेल तर तेव्हाच बदलून घेणं शहाणपणाचं, मजुरी दोनदा पडत नाही. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवा म्हणणारा प्रत्येक मिस्त्री फसवतोच, असं समजू नका. त्याला कारण विचारा आणि दाखवायला सांगा.

आमच्या गाडीत काय केलं? स्लेव्ह सिलिंडर नवा बसवला, जुनं काळं तेल काढून टाकलं, नवं भरलं आणि हवा काढली. सिलिंडर, तेल आणि मजुरी मिळून १,६५० रुपये झाले. कुठे १३,५०० आणि कुठे १,६५०! आणि १३,५०० खर्चूनही गळका सिलिंडर तसाच राहिला असता, तर गिअर पुन्हा पडला नसताच.

हवा कशी काढतात तेही बघून ठेवा. स्लेव्हवर एक निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावतात, नळीचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवतात. एकीने पेडल दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. दुसरीने निपल थोडं सैल करायचं, बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की घट्ट करायचं आणि "सोड" म्हणायचं. निपल घट्ट होईपर्यंत पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे संपेपर्यंत हे करायचं आणि डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. निघालेलं तेल परत डबीत ओतायचं नाही. हे काम पहिल्यांदा जाणकारासमोरच करा.

आता तेलाबद्दल. याला क्लच ऑइल म्हणतात, पण बहुतेक गाड्यांत ते ब्रेकचंच तेल असतं. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच टाकायचं. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही, अडचणीतसुद्धा, टाकायचं नाही. त्याने आतली सगळी रबरं फुगतात. डबी एकच असेल तर क्लचबरोबर ब्रेकही जातात. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून झाकण घट्ट ठेवा, फोडलेली बाटली महिनोन्‌महिने वापरू नका. पाणी मुरलेल्या तेलाने सिलिंडर आतून गंजतात. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. तेल काळं दिसलं तर आधीच बदला. ते विषारी आहे, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. घरात लेकरं असतात.

चालवण्याच्या सवयींबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो. काका वहिनींसोबत गाडीत बसले तेव्हा त्यांनी एक खोड दाखवली. गिअर बदलून झाला तरी वहिनींचा डावा पाय पेडलवर टेकलेला असायचा. त्याने सिलिंडर गळत नाही, पण बेअरिंग आणि प्लेट झिजते. वहिनींनी ती सवय मोडली. चढावर गाडी हाफ क्लचवर रोखून धरायची नाही, हँडब्रेक वापरायचा. दुसऱ्या गिअरवर गाडी उचलायची नाही. पासिंगपेक्षा जास्त माल भरायचा नाही. हा शेवटचा नियम ड्रायव्हरचा नाही, "अजून चार कॅरेट बसतील गं" म्हणणाऱ्या आपला आहे.

आणि रस्त्यात क्लच गेलाच तर? घाबरू नका, ब्रेक चालू असतात. गाडी बाजूला घ्या, दिवे लुकलुकते ठेवा, चाकांना दगड लावा, मदत बोलवा. पेडल मारून-मारून गिअर पडतोय, म्हणजे गाडी बरी झाली असं नाही. ती शेवटची सूचना समजा. आणि उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नका, डिझेल वाचतं असं कुणी सांगितलं तरी.

त्या श्रावणानंतर आमच्याकडे तीन नियम झाले. एक, गाडीची वेगळी वही. दर सोमवारी दोघीजणी डबी बघतात, तारीख लिहितात. तेल टाकलं तर किती आणि का, तेही लिहितात. एका डबीत दोनदा तेल टाकायची वेळ आली की गाडी तपासणीला जाते. दोन, दुरुस्तीला गाडी देताना आपली एकजण हजर. दोष दाखवून घ्यायचा, खर्च आधी लिहून घ्यायचा, बदललेला जुना भाग परत मागायचा. तीन, चालवणारी म्हणाली "गाडी पुढे नेणार नाही", तर तिच्याशी वाद नाही. माल कुजला तर पुन्हा पिकतो.

वहिनी आजही गाडी चालवतात. आता गटातल्या अजून दोघी शिकताहेत. आमचा तो जुना स्लेव्ह सिलिंडर आम्ही टाकला नाही. बैठकीच्या खोलीत खिडकीत ठेवलाय. नवीन कुणी आली आणि विचारलं हे काय आहे, की आम्ही सिरिंज काढतो आणि पहिल्यापासून सांगायला बसतो.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एवढंच करा. गटाची गाडी असो, घरची असो की भाड्याची, बॉनेट उघडून क्लचची डबी शोधा. तेल किती आहे बघा. आणि कमी असेल तर ओतण्याआधी विचारा, गेलं कुठं?